फॅन्सी ड्रेस राहू द्या, चार पुतळ्यापासून सुरू करा

पत्र मोठं होतं म्हणून थोडक्यात देते. "ताई, मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं सगळ्यात जास्त, मग उर्दूवाली, कन्नडवाली, आणि सेटलमेंटकडून, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींसाठी केलेल्या जुन्या वसाहतीकडून येणारी कैकाडी, पारधी, टकारी समाजाची काही. सहावीला 'समाजातील विविधता' घेताना मी वेशभूषा ठेवली, कुणी पंजाबी झालं कुणी बंगाली, मुलं खूश होती. तेव्हा सेटलमेंटची एक मुलगी म्हणाली, बाई, आमचा ड्रेस कुठलाय? मी काही बोलायच्या आत मागून एक पोरगा ओरडला, 'चोराचा घाल की बे', आणि अख्खा वर्ग हसला. ती मुलगी नंतर काही दिवस शाळेत आली नाही. आता मला हे नीट शिकवायचंय, सगळ्या समाजांचं आलं पाहिजे असं मनापासून वाटतं, पण मी जेवढं बोलेन तेवढं त्याच मुलांकडं सगळे वळून बघतील अशी भीती वाटते. हेडमास्तर म्हणतात आधी पोर्शन संपवा. एका पालकांचा फोन आला की शाळेत जात काढू नका. काय करू?"

बाई, बाकी सगळं नंतर, आधी ती पोरगी. शाळा सुटल्यावर तुम्ही एकट्याच तिच्या घरी जा, सोबत शिक्षकांचा घोळका नको, आणि तिच्या आईला काय झालं ते जसंच्या तसं सांगा, "लहान पोरं आहेत हो, मनावर घेऊ नका" हे वाक्य चुकूनही तोंडात येऊ देऊ नका कारण हे वाक्य त्या माणसांनी जन्मभर ऐकलंय, पोलिसांकडून, मास्तरांकडून, दुकानदारांकडून. आणि मग विचारा की वर्गात मी सेटलमेंटचा इतिहास शिकवणार आहे, तुमच्या मुलीचं नाव घेणार नाही, तिला उभं करणार नाही, चालेल का. नको म्हणाल्या तर थांबा, इतर धडे आधी घ्या, विश्वास बसल्यावर परत विचारा. बहुतेक वेळा नको म्हणत नाहीत, उलट घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारून बसवतात आणि मग तुम्हाला तासभर उठता येत नाही.

त्या पोराचं म्हणाल तर त्याला वर्गासमोर उभं करून माफी मागायला लावू नका, त्यानं तो हिरो तरी होतो नाहीतर शत्रू तरी. बाजूला घेऊन विचारा की हे कुठं ऐकलंस. घरीच ऐकलेलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला एवढंच सांगा की या वर्गात कुणाला चोर म्हणायचं नाही, कारण ते खोटं आहे. तिला वाईट वाटतं म्हणून नव्हे, खोटं आहे म्हणून. हा फरक सहावीच्या पोरांना बरोबर कळतो, वाईट वाटतं म्हटलं की ती पोरगी बिचारी होते आणि खोटं आहे म्हटलं की बोलणारा चुकलेला ठरतो.

आता वेशभूषेबद्दल. तुमचा हेतू चांगलाच होता, पण हा प्रकार मी तर कायमचा बंद करा म्हणेन. त्यातून पोरांना काय कळतं, तर विविधता म्हणजे पंजाब, बंगाल, केरळ, म्हणजे लांब कुठंतरी, आणि प्रत्येक समाजाला एक ठरलेला ड्रेस असतो. तुमच्या वर्गातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर घरातल्या, पोराची आई तुम्ही नेसता तसलीच साडी नेसते, उर्दू बोलणाऱ्या पोराचे वडील शर्ट-पँट घालून यंत्रमागावर जातात. मग ही सगळी पोरं त्या खेळात जाणार कुठं? पंजाबी होऊन भांगडा करणार. म्हणजे ज्या गावात चार-चार भाषा एका बोळात ऐकू येतात तिथं आपण पोरांना विविधता शिकवायला पंजाबची पगडी भाड्यानं आणतोय. त्यापेक्षा जे धडे पुस्तकात आधीच आहेत तेच आपल्या गावातून, आपल्या गल्लीतून घेऊन जा, म्हणजे कुणा एका पोराला नमुना म्हणून पुढं यावं लागत नाही, धडाच त्याच्या दारावरून जातो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढं जे लिहितेय ते ते कसं करायचं याबद्दल.

चार पुतळ्यापासून सुरू करा. चार हुतात्म्यांचे पुतळे असलेला तो चौक, तुमची पोरं रोज तिथून रिक्षानं जातात पण थांबून नावं वाचलेली फार कमी असतील. आठवीच्या इतिहासात सविनय कायदेभंगाच्या धड्यात सोलापूरचा सत्याग्रह आहेच, म्हणजे पोर्शनच्या बाहेर एक पाऊल टाकायची गरज नाही. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापुरात गिरणी कामगारांनी संप केला, मोर्चे निघाले, गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे आणि इतर माणसं गेली, मग इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ही चार नावं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि काहीच न बोलता थोडं थांबा. तुमच्या वर्गातला कुणीतरी पोरगा आपोआप म्हणेल की बाई, चौघं वेगवेगळे आहेत. हे त्याच्या तोंडून यायला पाहिजे, तुम्ही "बघा, सगळे धर्म एक होते" असं भाषण दिलं की पोरं जांभया देतात, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य इतकं घासलेलं आहे की त्यावर त्यांचा विश्वासही बसत नाही.

त्याऐवजी प्रश्न विचारा. ही माणसं एकमेकांना भेटली कुठं? त्या मोर्चात कोण होतं? गिरणी कामगार होते, मग हे गिरणी कामगार सोलापुरात आले कुठून? जुनी मिल १८७७ ची, त्यानंतर एकेक करत बाकीच्या उभ्या राहिल्या, आणि कामासाठी तेलंगणातून, कर्नाटकाकडून, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून माणसं आली, कुणी विणकर होतं कुणी शेतमजूर. इथं आलात की तुमचा अर्धा वर्ग एकदम जागा होतो, कारण त्यांच्या आजोबा-पणजोबांची गोष्ट आत्ता इतिहासाच्या पुस्तकात शिरली. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे, कामगारांत काम करायचे, हे सांगा. त्यांना नुसता "मुस्लिम हुतात्मा" करू नका, तसं केलं की त्यांचं बाकीचं सगळं आयुष्य पुसलं जातं. पत्रकार, कामगारांचा माणूस, ऐन विशीतला तरुण. उर्दूवाल्या पोरांसाठीही हेच महत्त्वाचं आहे की आपला माणूस पुस्तकात आलाय तो काहीतरी करणारा म्हणून आलाय, फक्त यादी पूर्ण करायला नाही.

जमलं तर पोरांना एकदा पुतळ्यापाशी घेऊन जा, १२ जानेवारीच्या आसपास जा, त्याच दिवसांत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, गाव नुसतं गजबजलेलं असतं. आणि सिद्धेश्वराचा विषय निघालाच तर सांगा की सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले शरण, म्हणजे संत, त्यांनी इथं तळं बांधलं आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. ज्या देवाच्या नंदीध्वजाला अख्खं सोलापूर हात जोडतं त्या सत्पुरुषाची भाषा वर्गातल्या कन्नड बोलणाऱ्या पोराच्या आजीला येते. त्या पोरानं घरून एखादं वचन लिहून आणायचं ठरवलं तर आणू द्या, आणि नाही आणलं तर विचारूही नका. सगळ्यांनाच आपली घरची भाषा वर्गात दाखवायला आवडत नाही.

आता सहावीचा धडा, ज्यावरून हे सगळं सुरू झालं. तो धडा मी कामापासून घेईन. पूर्व भागात काम म्हटलं की दोन गोष्टी, माग आणि विडी. चादर आणि टॉवेल दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे हे पोरं जनरल नॉलेजला पाठ करतात, पण त्याच पोराच्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये जकार्डवर नक्षी कशी उतरते, बारा तास उभं राहून पायाचं काय होतं, त्या खडखडीत माणसं घरीसुद्धा मोठ्यानं का बोलतात, हे कुठल्या पुस्तकात नाही. विडीचं तसंच. तेंदूची पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडून दोरा बांधायचा, मांडीवर सूप, आणि मान सकाळपासून खाली. मजुरी दर हजार विड्यांमागं. कारखान्यात नेऊन दिल्यावर वाईट म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, पान मात्र तुमच्याच अंगावर पडतं. तुमच्या वर्गातल्या किती पोरी शाळेतून जाऊन आईला दोरा बांधायला बसतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

तर पोरांना एक मुलाखत घ्यायला सांगा, पण आई-वडिलांची नाही, हे नीट ऐका. "ओळखीच्या कुठल्याही एका माणसाची" असं सांगा. कारण एखाद्याचे वडील भंगार गोळा करतात, एखाद्याचे तुरुंगात असतात, एखाद्याला वडीलच नाहीत, आणि "माझ्या वडिलांचे काम" असा विषय दिला की ती पोरं खोटं लिहितात नाहीतर गैरहजर राहतात. ओळखीचा माणूस म्हटलं की प्रत्येकाला सुटायला वाट मिळते. प्रश्न साधे द्या, हे काम कुणाकडून शिकलात, अंगाचं काय दुखतं, पैसे कशावर ठरतात, तुमच्यासोबत काम करणारे कुठकुठची भाषा बोलतात, आणि पोरांनी हे काम करावं असं वाटतं का. वर्गात वाचताना नाव वाचायचं नाही, फक्त काम. मग एका शेडमध्ये तेलुगू, उर्दू, मराठी बोलणारी माणसं एकमेकांचे धागे जोडत बसतात हे पोरं स्वतःच लिहून आणतात. नागरिकशास्त्राच्या त्या धड्यात परस्परावलंबन आणि सहकार्य असलं जे काही शिकवायचंय ते सगळं तिथं आलंच.

सेटलमेंटचा धडा. यासाठी घाई करू नका, दोन-तीन तास पूर्ण ठेवा, आणि आठवीला घ्या, सहावीला नको.

सुरुवात माणसांपासून करू नका, कायद्यापासून करा. १८७१ ला इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. या कायद्यात गुन्हा करावा लागत नव्हता, त्या जमातीत जन्मलं की झालं. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. आणि सोलापुरात तर काटेरी तारेचं कुंपण घालून वसाहतच केली, त्यात बायका, पोरं, म्हातारी सगळी, आतली माणसं गिरणीत राबायला जायची आणि परत तारेच्या आत. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला पण देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पाच वर्षं सोळा दिवस. हा आकडा फळ्यावर लिहा आणि पोरांनाच वजाबाकी करायला लावा, कारण मी सांगितलेलं ती विसरतील, स्वतः काढलेलं नाही विसरणार. आपल्या शाळांत पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होतं, जिलेबी वाटतात, आणि त्याच गावात एका वस्तीला स्वातंत्र्यानंतरही तारेच्या आत ठेवलं होतं हे गावातल्याच पोरांना माहीत नाही, याचा मला खरंच फार त्रास होतो. सेटलमेंटच्या भागातल्या फ्री कॉलनीचं नाव रोज रिक्षावाले घेतात, कशापासून फ्री ते कुणी विचारत नाही.

मग वर्गाला एक प्रश्न द्या. समजा उद्या असा कायदा आला की आपल्या शाळेच्या गल्लीत जन्मलेल्या प्रत्येकानं रोज रात्री चौकीत जाऊन हजेरी लावायची, मामाच्या लग्नाला जायचं तर पास काढायचा. संविधानातल्या कुठल्या कलमांचा भंग होतो? पोरं सातवीला मूलभूत हक्क शिकून आलेली असतात, कलम १४, कलम १५, कुठंही फिरायचं स्वातंत्र्य देणारं १९, त्यांना पुस्तक उघडून शोधू द्या. तुमच्या शाळेतला तो जो शब्द वर्गात उडाला तो कुठून आला हे मग वेगळं सांगावं लागत नाही, सरकारी कागदावर एका अख्ख्या समाजाला तो शिक्का मारला होता आणि कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली तरी तो शिक्का लोकांच्या तोंडात राहिला. कायदा गेला पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले हेही सांगा, अर्धवट सांगू नका, पारध्यांच्या पालावर आजही आधी पोलीस का जातात हे आठवीच्या पोराला कळायला हवं.

एक गोष्ट मात्र पक्की ठेवा. धडा दुःखावर संपवू नका. फक्त अन्याय सांगितला की त्या पोरांच्या वाट्याला परत बिचारेपणच येतं. टोपल्या विणण्याचं कसब, जनावरांची-रानाची माहिती, भटक्या माणसांनी गावोगावी मीठ, धान्य, बातम्या, औषधं पोचवली हे सगळं त्याच तासात आलं पाहिजे, आणि याच समाजांतून पुढं झालेले शिक्षक, वकील, कार्यकर्ते, लेखक हेही. आजही त्या कॉलनीत राहणारा एखादा सरकारी नोकर, एखादी नर्स शाळेत बोलवा, आणि त्यांना फक्त "तुमचे हाल सांगा" असं म्हणू नका, त्यांच्या नोकरीबद्दल बोलायला सांगा. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन असतो, तेव्हा परिपाठात पाच मिनिटं मागून घ्या.

सातवीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीये पण मी बोलते, कारण तिथं रोज होतं. औरंगजेबाचा विषय आला की वर्ग शेख किंवा पठाण आडनावाच्या पोराकडं मान वळवून बघतो. तो पोरगा खाली बघतो. शिक्षकानं बघितलं न बघितल्यासारखं केलं तर ते वर्षभर चालतं. तिथं राजा म्हणजे राजा, सत्ता म्हणजे सत्ता असं शिकवा. शिवरायांच्या आरमारात दौलतखान होते, त्यांच्या पदरी काझी हैदर होते, आणि औरंगजेबाच्या बाजूनं स्वराज्यावर चालून आलेले मिर्झाराजे जयसिंग होते, हे धड्याच्या ओघात सहज सांगा, खास सफाई दिल्यासारखं नको. आणि संतांचा धडा आला की चोखोबांना फक्त अभंगात ठेवू नका. मंगळवेढं आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथं गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून ते गेले, आणि ज्या पंढरीची त्यांनी आयुष्यभर वाट धरली तिथं देवळाच्या आत जायची त्यांना मुभा नव्हती. त्याच पंढरपुरात मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ ला साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. दोन्ही एकाच तासात सांगा.

हेडमास्तरांचं. त्यांच्याशी तत्त्वाचं बोलू नका, त्यांना वेळेची काळजी आहे आणि ती खरी आहे. त्यांना दाखवा की सोलापूर सत्याग्रह आठवीत आहे, विविधता सहावीत, मूलभूत हक्क सातवीत, तुम्ही नवीन काही घुसवत नाही. ती मुलाखत आकारिक मूल्यमापनात प्रकल्प म्हणून धरा, तसाही प्रकल्प द्यावाच लागतो, दरवर्षी पोरं दुकानातून तयार चार्ट आणून चिकटवतात त्याऐवजी हा. नोंदवहीत लिहून ठेवा, तारखेसकट, म्हणजे कुणी विचारलं तर कागद हातात असतो.

आणि फोन करणारे पालक. त्यांना शाळेत बोलवा, चहा द्या, पुस्तक उघडून धडा दाखवा आणि शांतपणे सांगा की मी कुणाची जात विचारलेली नाही, विचारणारही नाही, पण वर्गात एका मुलीला जातीवरून शिवी दिली गेली, म्हणजे जात मी आणायच्या आधीच वर्गात बसलेली होती. बहुतेक पालक इथं गप्प होतात. जे नाही होणार त्यांच्याशी वाद घालू नका, हेडमास्तरांसमोर बोलू म्हणा.

सगळं एकदम करायला जाऊ नका बाई, दमाल. या सत्रात चार पुतळा आणि ती मुलाखत, एवढंच. सेटलमेंटचा धडा तिच्या आईशी बोलणं झाल्यावर, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात धरा. मुलाखतीचे प्रश्न तयार झाले की मला पाठवा, मी बघून देते, आणि परिपाठाची पाच मिनिटं हेडमास्तरांनी नाकारली तरी कळवा, शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज कसा लिहायचा ते मग बसून ठरवू.